आपल्या वाट्याची खतं

१६३० सालचा दुष्काळ. पावसाने पाठ फिरवली आणि देहू गावात चुली थंडावल्या. त्या गावात वाण्याचं एक खाऊनपिऊन सुखी घर होतं, महाजनकी आणि सावकारी करणारं. तेही या तडाख्यात खचलं. घरचा कर्ता ऐन तरुण, नाव तुकाराम. त्यांची पहिली बायको रखुमाबाई भुकेने गेली. लहानगा मुलगा संतूही गेला.

तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवसांनी धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत तिथे पोचला. दोघे इंद्रायणीकाठी आले, तेव्हा तुकोबा म्हणाले, “घरातली कर्जाची खतं घेऊन ये.”

कान्होबाला हायसं वाटलं असेल. दादा आता वसुलीला लागणार! त्याने खतांचं गाठोडं आणून पुढ्यात ठेवलं.

तुकोबांनी गाठ सोडली. एकेका कागदावर गावातलंच कुणीतरी अडकलेलं होतं. कुणाचं शेत, कुणाची बैलजोडी. मुद्दल, व्याज आणि खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी.

“हे सगळं नदीत सोडू या,” तुकोबा म्हणाले.

कान्होबा कळवळला. “दादा, तू देवाच्या वाटेला लागलास. माझ्यामागे संसार आहे. मी काय खाऊ?”

तुकोबा थोरले होते. त्यांनी दटावलं असतं तर कान्होबा गप्प बसला असता. सगळी खतं बुडाली असती आणि गावाने तुकोबांचा जयजयकार केला असता. पण भावाचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांनी कागदांचे दोन सारखे वाटे केले. एक कान्होबाच्या हाती दिला. “हा तुझा. याचं काय करायचं ते तू ठरव.”

मग आपला वाटा उचलला आणि पाण्यात सोडला. शाई पसरली, कागद भिजून जड झाले, तळाला गेले. कागदावरचा नांगर पुसला गेला आणि दारातला नांगर मोकळा झाला.

त्या दिवशी तुकोबांनी कुणाच्या पदरात मूठभर दाणेही घातले नाहीत. त्यांनी सोडला तो आपला हक्क. घासाने भुकेल्याचा एक दिवस निघतो. कर्जातून सुटलेला माणूस पुढच्या पावसात आपल्याच शेतात पेरणी करतो.

तात्पर्य : दान करावं ते आपल्या वाट्यातलं. दुसऱ्याच्या हिश्श्यावर पुण्य जोडू नये.

पुढे याच इंद्रायणीत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडवल्या गेल्या. त्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, असं वारकरी सांगतात. ही खतं मात्र वर आली नाहीत. ती परत यावीत असं तुकोबांना कधी वाटलंच नव्हतं.