सिट आणि सीट

पहिल्यांदा ऑनसाइटला अमेरिकेत गेलो, तेव्हा एका रेस्टॉरंटच्या दारात पाटी होती : ‘प्लीज वेट टू बी सीटेड’. आत निम्मी टेबलं रिकामी. पुण्यात आपण सरळ जाऊन बसतो, गर्दी असेल तर अनोळखी माणसाच्या समोरसुद्धा. तिथे मात्र कोणीतरी येऊन मला बसवेपर्यंत पाटीपाशी उभा राहिलो.

‘सिट’ आणि ‘सीट’ आपण जवळपास सारखंच उच्चारतो. पण ‘सिट’ म्हणजे बसणं, ते माझं मी करतो. ‘सीट’ हे क्रियापद म्हणजे बसवणं, त्याला दुसरा कोणीतरी लागतो. (हॉलसुद्धा चालतो : ‘द हॉल सीट्स फाइव्ह हंड्रेड’.) नुसतं ‘सीटेड’ म्हटलं की बसवणारा वाक्यातून गायब होतो.

१ फेब्रुवारी १९६०. नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो. वूलवर्थ्सच्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचे पैसे चालत, पण लंच काउंटरच्या स्टुलांवर फक्त गोऱ्यांनी बसायचं. चार कृष्णवर्णीय कॉलेजकुमारांनी आधी दुकानात किरकोळ खरेदी केली, मग त्या स्टुलांवर जाऊन बसले. कॉफी मागितली, मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. जुलैअखेर तो काउंटर सगळ्यांना खुला झाला. अशा आंदोलनाला ‘सिट-इन’ म्हणतात. तिथे ‘सीट’ बसलंच नसतं, कारण त्यांना कोणी बसवलं नव्हतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चहा फरशीवर बसून पितात. सोफा रिकामा असतो. मी ‘वर बसा ना’ म्हणतो, त्या ‘इथंच बरं वाटतं रे’ म्हणतात. कित्येक वर्षं मला ती त्यांची आवड वाटायची, म्हणजे ‘सिट’.

एकदा आई बाहेर गेली होती. मी खुर्ची ओढून पुढे केली, चहा टेबलावर ठेवला. मावशी बसल्या, पण खुर्चीच्या टोकावर, नजर दाराकडे. लिफ्टचा आवाज आला तशा कप घेऊन उठल्या. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबलीच नाही. आणि मी तरी काय केलं होतं? बसवणारा बदलला, एवढंच.

मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सहावीत होतो. त्या दिवशी ‘इथे बसा’ म्हणून फरशी कोणी दाखवली होती का, हे आईला विचारायचं आहे. अजून विचारलेलं नाही.