सल्ला-गांगरा आणि पुरुषाची छाती

पुरुषाच्या छातीवर बाईसारखा उभार आला, तर त्याचं पुरुषपण उणावतं का? वयात आल्यापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. डॉक्टरांनी त्याचं एक उत्तर दिलं, पण मन शांत झालं ते आमच्या कोया पुनेमने, म्हणजे गोंडी धर्माने, कचारगडावर.

सालेकसा तालुक्यातला हा डोंगर आम्हा गोंडांचं मूळ ठाणं. माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसं येतात. कोणी दरेकसा स्टेशनला उतरतं, कोणी गाड्या करून येतं, आणि धनेगावातून 'जय सेवा' म्हणत सगळे चढाला लागतात. घाम फुटला की पोरं शर्ट काढून खांद्यावर टाकतात. मी कधी टाकला नाही. शर्टाखाली घट्ट बनियान, त्याखाली आणखी एक. "काढ ना बे, गरमी नाई होत का तुले?" असं मामा म्हणायचे, तेव्हा मी पुढे निघून जायचो.

माझ्या निपलच्या मागे दोन बोटांत धरलं तर रबरी चकतीसारखं काही तरी हाताला लागतं. ती स्तनाची ग्रंथी. चरबी मऊ असते, बोटांतून निसटते, ही निसटत नाही. वयात येताना कित्येक मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. माझं ओसरलं नाही. मग जिम. दंड, बेंच प्रेस, डंबेल. छातीचा स्नायू भरला, पण तो असतो ग्रंथीच्या खाली, त्यामुळे उभार होता तसाच राहिला, उलट वर उचलल्यासारखा दिसू लागला. व्यायामाने चरबी उतरते, ग्रंथी उतरत नाही. ही एवढी गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितली नाही. जिममधल्या एकाने इंजेक्शन सुचवलं होतं. मी ते घेतलं नाही, आणि त्याचा मला आजही आनंद आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन भरलं की शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. म्हणजे जे घालवायला सुई टोचायची, तेच त्या सुईने वाढू शकतं.

हे इस्ट्रोजेन प्रत्येक पुरुषाच्या रक्तात असतं. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या रक्तात असतं. प्रमाण हललं की छाती बोलते. डॉक्टरांकडून हे ऐकलं तेव्हा मला आमच्या भूमकाचं, म्हणजे पुजाऱ्याचं, बोलणं आठवलं. आमचं परमदैवत फडापेन एकटा नर नाही, एकटी मादी नाही. सल्ला आणि गांगरा, पितृशक्ती आणि मातृशक्ती, या दोन्हींच्या मेळातून सृष्टी चालते, असं आमचं पुनेम सांगतं. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी हे तत्त्वज्ञान गावोगावच्या तोंडी परंपरेतून गोळा करून लिहून ठेवलं. 2015 साली ते गेले. सल्ला-गांगरा म्हणजे फक्त नवरा आणि बायको, असं पुष्कळजण समजतात. मला ते अपुरं वाटतं. दोन्ही शक्ती कणाकणात असतील तर माझ्या अंगातही असणारच. मग त्यातली एक चार बोटं वर आली म्हणून मी खाली मान घालून का चालावं?

कचारगडाची कथा इथे मला फार मोलाची वाटते. कली कंकालीची 33 लेकरं गुहेत कोंडलेली, दारावर प्रचंड शिळा. आईचा टाहो ऐकून आमचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो उभे राहिले. हिरासुका पाटालीरने किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं. त्या सुरांनी लेकरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून रेटा दिला, हिरासुकाने बाहेरून, आणि शिळा सरकली. ती त्याच्यावरच आली. तो गेला, लेकरं वाचली, आणि पुढे राईताड जंगो या माउलीने त्यांना सांभाळलं. कथा सांगणारे थोडं इकडेतिकडे करतात, पण आईचं रडणं आणि जंगोची माया कोणीच वगळत नाही. आमच्या धर्माच्या मुळाशी जे बळ आहे ते असं आहे. हिरासुकाची छाती किती भरदार होती, हे एकाही सांगणाऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

मग शस्त्रक्रिया करणं म्हणजे पेनाने, म्हणजे देवाने, दिलेलं नाकारणं का? आमच्यातले काही वडीलधारे तसं म्हणतात. मला ते पटत नाही. दुखणारी दाढ काढतो, मोतीबिंदू काढतो, तेव्हा पेन रागावत नाही. ग्रंथी वर्षभराहून जास्त राहिली की ती निबर होते, मग औषधं फारशी चालत नाहीत, आणि निपलच्या कडेला छोटा छेद देऊन ती काढतात. ज्याला काढायची त्याने खुशाल काढावी, ज्याला ठेवायची त्याने ठेवावी. मी ठेवली आहे. जिमला आजही जातो, पाठ आणि पाय मजबूत राहावेत म्हणून.

तुमच्या घरात तेरा-चौदा वर्षांचा पोरगा बनियान घालूनच आंघोळीला जात असेल, तर त्याला हसू नका, आणि दुसऱ्या कोणाला हसू देऊ नका. त्याला डॉक्टरांना दाखवा. यकृताच्या किंवा थायरॉईडच्या आजाराने, काही औषधांनीही हे होतं, ते तपासावं लागतं. आणि मोठ्या माणसाला एकाच बाजूला कडक गाठ लागली किंवा निपलमधून रक्त आलं, तर एक दिवसही थांबू नका. स्तनाचा कर्करोग पुरुषालाही होतो.