हेतू बदलला, जमीन तीच

लोहगावची धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेली नव्हती. १९३९ साली मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने पुण्याजवळ हा तळ उभारला. ज्या गावाला तुकोबांचं आजोळ म्हणून वारकरी ओळखतात, त्याचं नाव लष्करी नकाशावर गेलं. १९४५ला युद्ध संपलं, १९४७ला साम्राज्य गेलं, तळ राहिला. १९९७मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली सुखोई-३० विमानं इथेच दाखल झाली. आज त्याच धावपट्टीवरून सुखोई उडतात आणि माझ्यासारखे आयटीवाले सकाळची बंगळुरूची फ्लाइटही पकडतात.

म्हणजे जमीन एकदाच घेतली गेली, पण तिचे हेतू तीन झाले : साम्राज्याचं युद्ध, स्वतंत्र देशाचं संरक्षण आणि शहराची सोय. पहिल्या हेतूसाठी सोसलेला त्याग पुढच्या दोन हेतूंच्या खात्यावर आपोआप जमा होतो का?

संरक्षणाच्या बाबतीत हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. देशाच्या सीमेपुढे दोन-चार शिवारांचं काय, असं म्हणून मोकळे होतो. म्हणून हाच प्रश्न मणिबेलीला नेऊन पाहू. तिथे लष्कर नाही, पण 'देशासाठी' हा शब्द तोच आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठावर मणिबेली आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली, त्यांत मणिबेली सर्वांत आधी. १९९१च्या पावसाळ्यात इथे सत्याग्रह झाला. १९९४मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं अशी मागणी जगभरातल्या संघटनांनी केली, तो जाहीरनामाही याच गावाच्या नावाने ओळखला जातो.

या गावांना सांगितलेला हेतू होता पाणी, सिंचन आणि वीज. कच्छ-सौराष्ट्राची तहान खरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धरणाच्या खालच्या अंगाला काय झालं तेही बघा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केवडिया आणि आसपासच्या गावांची जमीन प्रकल्पाच्या वसाहतीसाठी घेतली गेली. आज तो परिसर पर्यटनाचा आहे. २०१८मध्ये तिथे १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, २०२०मध्ये सी-प्लेन उतरलं. हेतू सरकला, पण ज्यांची जमीन गेली त्यांना पुन्हा कोणी विचारलं नाही.

यावर सरळ उत्तर आहे : देश जिवंत असतो, त्याच्या गरजा बदलतात. लोहगावची धावपट्टी उखडून तिथे ज्वारी पेरा असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण वापर बदलण्याचा अधिकार असणं आणि हिशेब कायमचा मिटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या धंद्यात प्रकल्पाची व्याप्ती बदलली की क्लायंटची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. सॉफ्टवेअरला जो न्याय लावतो, तो शेताला का लावू नये?

कायद्याला हे थोडं उमगलंय. २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम ९९ मूळ हेतू बदलायला मनाई करतं, अर्थात पळवाट ठेवून. कलम १०२ म्हणतं की संपादित जमीन विकास न करता पाच वर्षांच्या आत विकली, तर वाढीव किमतीतला ४० टक्के वाटा मूळ मालकांना द्यावा. पण हे नव्या संपादनापुरतं. लोहगाव आणि मणिबेली त्याच्या कितीतरी आधीच्या.

नर्मदा लवादाच्या १९७९च्या निवाड्यातच एक फरक दिसतो. धरणाच्या विजेत महाराष्ट्राला २७ टक्के वाटा मिळाला. वीज तयार होत राहील तोवर तो चालू राहणार. विस्थापित कुटुंबाला मात्र जमिनीच्या बदल्यात जमीन, निदान दोन हेक्टर, तीही एकदाच. राज्याने काही दिलं की तो भागीदार ठरतो. गावाने दिलं की तो त्याग ठरतो.

त्याग हा शब्द गोड आहे, कारण त्यावर व्याज लागत नाही. 'देशासाठी दिलं' असं आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, त्यांना देशाच्या नव्या कमाईतही चालू वाटा असायला हवा. तसं नसेल, तर आपण त्यांच्याकडून त्याग घेतलेला नाही, फक्त जमीन घेतली आहे.