गर्भिणीची सेवा हा पतीचा धर्म



आपल्या सोळा संस्कारांपैकी पहिले तीन संस्कार बाळ जन्मास येण्यापूर्वीचे आहेत : गर्भाधान, पुंसवन आणि सीमंतोन्नयन. सीमंतोन्नयनाचा विधी आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितला आहे. साळिंदराचा काटा, दर्भाच्या जुड्या आणि उंबराच्या कोवळ्या फळांचा घोस हाती घेऊन पती पत्नीच्या केसांचा भांग काढतो. त्या वेळी वीणेवर गायन होते. हे कार्य सासूकडे अथवा पुरोहिताकडे सोपविलेले नाही. ते पतीने स्वहस्ते करावयाचे आहे. गर्भिणीची काळजी हे केवळ बायकांचे काम नव्हे, हाच या विधीचा आशय होय.

दोहाळजेवणाचा दिवस विचारण्यासाठी मंडळी आम्हां पुजाऱ्यांच्या घरी येतात. आम्ही पंचांग पाहून दिवस देतो, ओटीचे साहित्य सांगतो. परंतु सूनबाईंची तपासणी झाली काय, हे आजवर आम्ही एकदाही विचारले नाही. ही आमची चूक झाली, हे आम्ही देवासमोर कबूल करतो.

वस्तुतः शास्त्र या बाबतीत उदासीन नाही. काठोकाठ तेलाने भरलेले पात्र जसे हिंदकळू न देता न्यावे, तसे गर्भिणीस जपावे, असे चरकसंहिता सांगते. सुश्रुतसंहितेत गर्भवतीस दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे. तिची इच्छा डावलणे म्हणजे दोन जीवांस दुखविणे होय.

आपल्या बुऱ्हाणपुरातच १६३१ साली बादशहा शाहजहानची बेगम मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले व त्याच वर्षी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. पुढे ताजमहाल उभा राहिला. पतीचे प्रेम होते, वैभव होते. परंतु ते सारे तिला वाचवू शकले नाही. आज बादशहापाशी नव्हते असे साधन गरिबाच्याही हाताशी आहे. ते न वापरता मागाहून शोक करण्यात पुरुषार्थ कोणता ?

दिवस राहिल्याचे कळताच पहिल्या १२ आठवड्यांत नाव नोंदवावे. प्रसूतीपर्यंत निदान चार तपासण्या व्हाव्यात. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत, चौथ्या महिन्यापासून पुढे, विनामूल्य तपासणी होते. एकादशी जशी ध्यानात राहते, तशी ही ९ तारीखही राहावी. त्या दिवशी पतीने सोबत जावे. डॉक्टरांचे सांगणे स्वतः ऐकावे. रक्ताचे प्रमाण ११ हून कमी असेल तर ते पांडुरोगाचे लक्षण समजावे. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होते, म्हणून घाबरून त्या सोडू नयेत. चहाबरोबरही घेऊ नयेत.

कोणी म्हणेल, केळीच्या बागेचे काम टाकून कसे जावे ? बंधूंनो, घड धरलेली केळ वाऱ्याने मोडू नये म्हणून आपण तिला टेकू देतो. घरच्या लक्ष्मीसच तेवढा आधार नसावा काय ?

उपवासाविषयीही एक शब्द. व्रतग्रंथांनीच गर्भिणीस कडक उपवासातून सूट दिली आहे. तिच्या वाट्याचे हरितालिकेचे निर्जळ व्रत पतीने करावे. देवी कोपणार नाही.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यास व हातांस सूज, झटके, ताप, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास मुहूर्त पाहू नये, वडीलधाऱ्यांच्या होकाराची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी व तत्काळ रुग्णालय गाठावे. गाडीभाड्याचे पैसे आणि सोबत येणारे माणूस आधीच ठरवून ठेवावे.

यापुढे दोहाळजेवणाचा दिवस विचारावयास येताना तपासणीचे कार्डही आणावे, ही आमची नम्र विनंती. आम्ही आधी ते पाहू, मग पंचांग उघडू.

प्रत्येक घरची माता सुखरूप सुटो आणि पाळणा हलो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.