माठ परत जागेवर

आईच्या डाव्या हातावर तळवा ठेवला, की सायलेंटवरचा मोबाईल थरथरावा तसं जाणवतं. तो फिस्टुला. डायलिसिससाठी तिथं धमनी आणि शीर एकमेकींना जोडली आहे. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, आणि आजही ती सगळ्यात भरवशाची मानली जाते. पण या आडवाटेनं रक्त जोरात हृदयाकडे परततं, आणि हृदयाचं काम वाढतं.

त्यात पाणी. आईला लघवी जवळजवळ होत नाही. प्यायलेलं अंगात साठतं, बीपी चढतं, जोर लावून लावून हृदयाची भिंत जाड होते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीन ते पाणी काढतं. फार काढावं लागलं तर बीपी कोसळतं, पायात गोळे येतात, हृदयाच्या स्नायूलाच रक्त कमी पडतं. डायलिसिसवरची बरीच माणसं शेवटी हृदयविकारानं जातात.

हे कळल्यावर मी घरात पोलीस झालो. ग्लास मोजले. माठ हलवला. मे महिन्यात एका रात्री दिवा लावला, तर आई बेसिनच्या नळाला ओंजळ लावून उभी. "एकच घोट घेतला रे," म्हणाली. साठीची बाई, माझ्यासमोर चोरासारखी.

काळजी कुठे संपते आणि ताबा कुठे सुरू होतो?

शरीर तिचं, निर्णय तिचा, असं म्हणता येतं. पण 'तुझं तू बघ' म्हटलं की सुटका माझी होते, तिची नाही. मग पहारा बरोबर? नंतर कळलं, रात्री आडवं झालं की तिला दम लागत होता. पाणी चढल्याची ती खूण. मी ओरडेन म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. जे जपायचं म्हणून मी पहारा देत होतो, तेच त्या पहाऱ्यानं माझ्यापासून लपवलं.

आता माठ जागेवर आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी ती सकाळी स्वतः बाटलीत भरते. मी ग्लास विचारत नाही, दम लागला का ते विचारतो.

गेल्या रविवारी तिनंच सांगितलं, "आज जास्त झालं रे." मला राग आला. तरी तिच्याजवळ बसलो.