कपाटापलीकडचं रेशन

एडमंड आपल्या भावाबहिणींना चेटकिणीच्या हवाली करायला तयार होतो, ते कशाच्या मोबदल्यात? टर्किश डिलाइटच्या. पिठीसाखरेत घोळवलेल्या मऊ वड्यांच्या! आजच्या वाचकाला हा सौदा हास्यास्पद वाटतो. पण ही गोष्ट सांगणारं सी. एस. लुईसचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५० मध्ये आलं, तेव्हा महायुद्ध संपून पाच वर्षं उलटली होती आणि ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटं अजून रेशनवरच मिळत होती. जुलै १९४२ मध्ये लागू झालेलं हे रेशन एप्रिल १९४९ मध्ये उठलं. गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडाली, की चार महिन्यांत ते परत लादावं लागलं. कायमचं सुटलं ते फेब्रुवारी १९५३ मध्ये.

हे कळलं की कपाटापलीकडच्या नार्निया या जादुई देशातल्या पंगतींकडे बघण्याची नजरच बदलते. बोकडपायांच्या टम्नसच्या घरी चहासोबत उकडलेलं अंडं आणि साखरेचा थर दिलेला केक. बीव्हर नवरा-बायकोच्या टेबलावर लोण्याचा भलाथोरला गोळा, आणि ज्यानं त्यानं हवं तेवढं घ्यावं. खऱ्या ब्रिटनमध्ये लोण्यावरचं रेशन १९५४ पर्यंत हटलं नव्हतं. जादू सिंहात आहेच; पण त्या काळच्या पोरांना ती या लोण्यात जास्त दिसली असेल.

युद्ध या पुस्तकात नावापुरतंच येतं: हवाई हल्ल्यांमुळे एडमंडसह चार मुलांना लंडनबाहेर धाडलं जातं, बस्स. त्यामागचं वास्तव अवाढव्य होतं. १ सप्टेंबर १९३९ पासून काही दिवसांत सुमारे १५ लाख जणांना शहरांतून हलवण्यात आलं. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती. कपड्यांवर नावाची चिठ्ठी, हातात गॅस मास्कची पेटी. ऑक्सफर्डजवळच्या लुईसच्या घरीही अशा मुली राहून गेल्या.

लुईस स्वतः पहिल्या महायुद्धात खंदकांत होता, १९१८ मध्ये जखमी झाला. एडमंडचा मोठा भाऊ पीटर लांडग्याला मारतो त्या प्रसंगात शौर्याचा दिमाख नाही. पोराला मळमळतं, सगळा गोंधळ उडतो. आणि नंतर सिंह अस्लान त्याला काय सुनावतो? तलवार पुसायची राहिली. हा तपशील लढाई पाहिलेल्या माणसालाच सुचावा.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्कीनही १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर होता. आपली कथा दुसऱ्या महायुद्धाचं रूपक आहे हे त्यानं ठामपणे नाकारलं. मात्र त्या कथेतल्या, पाण्याखालून प्रेतांचे चेहरे दिसणाऱ्या दलदलींवर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही ऋण असल्याचं पत्रात मान्य केलं.

फिनलंडची लेखिका तोवे यान्सन मात्र रणांगणाकडे वळलीच नाही. १९३९ च्या हिवाळ्यात, सोव्हिएत हल्ल्याच्या दिवसांत, तिनं पहिली मूमिनकथा लिहायला घेतली. ती छापली गेली १९४५ मध्ये. आई आणि लेक हरवलेल्या बापाला शोधत अंधाऱ्या जंगलातून चालले आहेत, थंडी पडायच्या आत घर उभारायचं आहे, आणि मध्येच महापूर येतो. युद्धात फिनलंडनं गमावलेल्या प्रदेशातून चार लाखांहून अधिक माणसं याच चिंतेनं निघाली होती. मूमिन कथांमधल्या आईजवळ ना तलवार असते ना मंत्र. तिची एक हँडबॅग असते. तिच्यात कोरडे मोजे.