फोडणी दिलेलं पुरण

दिवाळीत दोन दारांचा नवा फ्रीज घरात आला आणि डोंबिवलीच्या वसुधाला फ्रीझर भरायचं वेड लागलं. ती फोर्टातल्या बँकेत, श्रीकांत ऐरोलीला, सावनी आठवीत, धाकटा ओजस चौथीत, आणि सासूबाई, म्हणजे माई, गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभ्या राहू न शकणाऱ्या. संध्याकाळी लोकलमधून उतरायचं, स्टेशनबाहेर भाजी घ्यायची आणि घरात शिरल्यावर खांद्यावरची पर्स न काढताच कुकर चढवायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. तो मोडायचाच असं ठरवून एका रविवारी सकाळी सातलाच तिने ओढणी खोचली.

राजमा, छोले, बटाट्याचा रस्सा, आमटी, कांदा-खोबऱ्याचं वाटण. ओटा पुसून झाला तेव्हा चार वाजले होते. रविवारचे नऊ तास घालून वाचवलेला वेळ खरंच वाचतो का, असं मला तरी विचारावंसं वाटतं. पण तिला तेव्हा कोणी विचारलं नाही. दमलेल्या माणसाला घाई असते, तशी तिने केली. रश्श्याचं वाफाळतं पातेलं तसंच फ्रीझरमध्ये सरकवलं आणि आमटी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरली. पातेल्याच्या उष्णतेने शेजारचं आइस्क्रीम पातळ झालं. बाटली दुसऱ्या दिवशी तडकलेली निघाली. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. वर जागा सोडली नाही तर काच तरी काय करणार? बुधवारी रस्सा गरम केला, तर बटाटा भुसभुशीत आणि पाणी वेगळं.

माईंनी एक घास खाल्ला. "आमच्यात याला शिळं म्हणतात," एवढंच बोलल्या.

तळमजल्यावर सुलभाताई घरगुती डबे देतात. वसुधा तडकलेल्या बाटलीची हकिगत घेऊन त्यांच्याकडे गेली. सुलभाताई मटकी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"गरम पातेलं ठेवतात का गं कुणी? परातीत गार पाणी घे, त्यात पातेलं ठेव आणि ढवळत राहा. वाफ गेली की पिशवीत भर, हवा काढ आणि ताटावर आडवी ठेवून गोठव. चपट्या झाल्या की वह्यांसारख्या उभ्या लाव. लवकर गोठतात, सुटतातही लवकर. आणि चौघांचं एका पिशवीत भरू नकोस. दोघांपुरतं भर, जास्त लागलं तर दोन काढता येतात, निम्मी काढता येत नाही."

"पण माई शिळं म्हणतात."

"म्हणू देत, त्यांचं अगदीच चूक नाही. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थबकतात. वजा १८ अंशांवर वाढत नाहीत, पण बाहेर काढलं की लागले कामाला. म्हणून शिजवल्यापासून दोन तासांच्या आत आत जायला हवं. काढायचं ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. मग खळखळून उकळायचं. उरलं तर उरलं, पुन्हा गोठवायचं नाही."

बटाटा, काकडी आणि दह्याची कढी यांच्या वाटेला जाऊ नकोस, असंही त्यांनी बजावलं. राजमा, छोले, वाटण, पुरण, वाफवलेले अळूवडीचे उंडे, खवलेला नारळ मात्र बिनधास्त.

वसुधा शिकली, आणि तिच्या स्वभावाप्रमाणे झपाटून शिकली. जानेवारीत मटार स्वस्त झाले तेव्हा पिशवीभर सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर कोरडे करून तिने भरून टाकले. होळीच्या आधी धावपळ नको म्हणून पुरणही वाटून ठेवलं. प्रत्येक पिशवीवर काळ्या मार्करने तारीख घातली. फक्त तारीख. आत काय आहे ते तिला ठाऊकच होतं. फेब्रुवारी संपत आला तेव्हा फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे ठेवायलाही जागा उरली नव्हती. मैत्रिणींनी लोकलमध्ये फोटो पाहिला आणि आपापल्या नवऱ्यांना पाठवला.

त्याच सुमारास साताऱ्याला तिच्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. "आठवडाभर काही बघायला नको," बॅग भरताना ती श्रीकांतला म्हणाली. "सगळं आहे. फक्त काढायचं आणि गरम करायचं."

पहिल्या संध्याकाळी श्रीकांतने फ्रीझर उघडला. तांबूस, पिवळ्या, तपकिरी पिशव्या. चौदा जानेवारी, बावीस जानेवारी, आठ फेब्रुवारी. वसुधाला फोन लावला, ती दवाखान्यात, फोन बंद. ओजसला वरणभात हवा होता. पिवळी पिशवी बघून श्रीकांतने कयास बांधला: हे वरण. आदल्या रात्री काढायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने तो गोळा तसाच उकळत्या पाण्यात सोडला. पाऊण तास ढवळला. मग कढल्यात तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या आणि चांगल्या सात-आठ पाकळ्या लसूण अशी चुरचुरीत फोडणी वर ओतली.

बाहेरच्या खोलीतून माईंचा आवाज आला, "श्री, जायफळाचा वास कुठून येतोय रे?"

सावनीने चमचा बुडवून चाखलं आणि बेसिनकडे धावली. त्या रात्री बाहेरून पिझ्झा आला, दुसऱ्या रात्री पुलाव. पुढे फ्रीझर कुणी उघडलाच नाही. माईंनी गुडघे दाबत दोनदा पिठलं केलं.

वसुधा परतली ती फ्रीझरपाशीच गेली. पुरणाची एक पिशवी सोडली तर सगळं जागच्या जागी. आधी तिला रडूच आलं, मग राग. "एवढं करून ठेवलं होतं मी! हात लावायलाही जमत नाही का कुणाला?"

श्रीकांत तोंड उघडणार, तेवढ्यात माई म्हणाल्या, "त्याला ओरडू नकोस. बस इथे. माझ्या सासूबाईंच्या कमरेला कोठीच्या खोलीची किल्ली असायची. डाळी, गूळ, तेल, सगळं कोठीत. कोठी कायम भरलेली, गावात नाव होतं. एकदा त्या आषाढी वारीला गेल्या आणि किल्ली कमरेलाच गेली. आम्ही तिघी जावा शेजारून पीठ मागून आणत होतो. परत आल्यावर त्यांनी आम्हालाच बोल लावला, की तुम्हाला घर सांभाळता येत नाही."

वसुधा गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण माई, मी काही कुलूप लावलं नव्हतं."

"नुसती तारीख लिहिली होतीस," माई म्हणाल्या. "आम्हाला ते कुलपासारखंच."

पुढच्या रविवारी वसुधाने काहीच शिजवलं नाही. ओट्यावर फ्रीझर रिकामा केला, चौघांना उभं केलं आणि एकेक पिशवी हातात घेऊन काय आहे ते सांगितलं. सावनीने चिकटपट्टीवर लिहिलं: पदार्थ, तारीख, किती जणांना पुरेल, वर काय घालायचं. "छोले, दोघांना, मीठ आहे, गरम मसाला नाही." पुरणावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं, "गोड आहे! बाबा, फोडणी नको!" फ्रीजच्या दारावर यादी लागली. पिशवी निघाली की यादीवर काट मारायची, हे काम ओजसचं. ते तो इतक्या कडकपणे करायचा, की एकदा माईंना वाटीभर खोबऱ्यासाठीही त्याची वाट बघावी लागली. झोपण्याआधी उद्याची पिशवी खालच्या कप्प्यात उतरवायची, हे श्रीकांतकडे. सुरुवातीला तो विसरायचा. मग रात्री दात घासल्यावर तिकडे जायचं अशी सवय त्याने स्वतःच लावून घेतली.

नऊ तासांचे रविवारही संपले. मंगळवारी राजमा करायचाच असतो, तर दुप्पट भिजवायचा. निम्मा ताटात, निम्मा पिशवीत. श्रीकांत वाटण करायला शिकला. पहिलं त्याने खोबरं करपवून कडू केलं, तरी सावनीने इमानदारीत चिकटपट्टी लावली, "वाटण, बाबांचं, जपून". माई बसल्या बसल्या अळूची पानं लाटण्याने चेपून शिरा मऊ करायच्या, बेसन लावून उंडे वळायच्या. वाफवणं दुसऱ्या कुणीतरी करायचं. शिळं हा शब्द त्यांनी सोडला असं नाही. पण स्वतः वळलेल्या उंड्याला तो लावत नसत.

जुलैत एका संध्याकाळी रुळांवर पाणी भरलं. वसुधाची गाडी कुर्ल्याच्या अलीकडे तासन्‌तास उभी राहिली. ती साडेदहाला भिजून घरी पोचली, तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं: भात, मटारची उसळ, लिंबाची फोड. मुलं झोपली होती. कुणी फोन करून काय काढू असं विचारलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. ताट उघडता उघडता तिला तळलेल्या अळूवडीचा वास आला.

"वड्या कुठायत?"

"संपल्या," श्रीकांत म्हणाला.

"संपल्या? शनिवारी एक उंडा होता की अख्खा! माझ्यासाठी दोनसुद्धा ठेवल्या नाहीत?"

आतल्या खोलीतून माई ओरडल्या, "कालच काट मारली होती ओजसने शेवटच्या उंड्यावर. दारावर यादी आहे ना? सगळ्यांनी वाचायची असते ती. वाचली असतीस तर येताना अळूची जुडी आणली असतीस!"